मागच्या चाकाखालची चादर

अप्पा, तुम्ही गेल्यावरही तुमची गाडी मी विकली नाही. सगळे म्हणाले, भंगारात घाल. पण तुम्ही स्वतः ठोकलेली आतली खाट आणि स्टोव्हची पेटी शाबूत आहे, आणि भवानी पेठेच्या गल्लीतून गाडी निघाली की म्हातारी माणसं अजून भिंतीला चिकटतात. तुमच्या धाकानं चिकटत असतील. इंजिनाचा जोर अजूनही मागच्या दोन चाकांनाच, आणि तरी मी तिला उजनी धरणाच्या काठी, जीपवालेही कचरतात तिथं घालते. हा माज तुमचाच.

मी लहान असताना त्याच काठावर अव्वा, माझी आई, तुम्हाला एवढंच म्हणाली होती, "तिकडनं नको, गाळ हाय की." तुम्ही मुद्दाम तिकडूनच घातलीत. गाडी रुतली. मग खाटेवरची तिची मोराची चादर ओढलीत, तिच्या वडिलांनी मागावर विणून लग्नात दिलेली, आणि म्हणालात, "लई कळतंय न्हवं तुला? घाल चाकाखाली. तुज्या हातानं." ती गुडघाभर गाळात उतरते, चादरीची घडी घालून चाकाखाली सारते, घडी घालूनच. चाक फिरलं, चादर फाटली, गाडी निघाली. पुढं तीस वर्षं ती सगळ्यांना सांगत आली, की चादर गेली पण यांनी आम्हाला सुखरूप आणलं. पुढच्याच रविवारी तुम्ही मित्रांना घेऊन गेलात, चहा करायला मला नेलंत आणि तिथंच रुतलात. तेव्हा हसत हसत काडेपेटीतल्या काडीनं टायरांची हवा कमी केलीत, टायर पसरून गाळावर पकड आली आणि बाहेर पडलात. हे मी घरी कधी बोलले नाही.

गेल्या महिन्यात अव्वाला घेऊन गेले. मीही मुद्दाम तिकडूनच घातली. रुतल्यावर हवा सोडली, गाडी अलगद निघाली. अव्वा खिडकीतून बघत होती. "एवढंच असतंय व्हय?" मग स्वतःच म्हणाली, "तुज्या अप्पांना ठावं नसंल."

"ठावं होतं," मी म्हणाले, आणि टायरांत परत हवा भरायला पायपंप मारता मारता त्या रविवारचं सगळं सांगितलं, काडीसकट.

ती रडली नाही. तुमच्या फोटोचा हारही तिनं काढला नाही. फक्त चादरीची गोष्ट सांगायची बंद केली. शेजारणीनं विचारलं तर म्हणते, "आठवत न्हाय." खरं काय ते तिला कळायलाच हवं होतं, असं मी सगळ्यांना सांगते. पत्र पोचेल असा तुमचा पत्ताच आता नाही, म्हणून तुम्हाला खरं लिहिते: तिच्यासाठी नव्हतं सांगितलं. तुमचा राग एकटीनं करून करून मी दमले होते.