अब्बांच्या राखणीतली क्लॅरेट

अब्बा, काल जेवताना माझ्या मुलाने कुठल्याशा पार्टीतली गोष्ट सांगितली. तिथे परदेशी लाल वाइन होती, आणि ती जितकी जुनी तितकी चांगली, असं कुणीतरी म्हणालं. तसं नसतं, हे मला तुमच्यामुळे ठाऊक आहे. पण मी त्याला नुसता भात वाढला. आज दुपारी हे लिहायला बसले आहे. घरात आपण उर्दू बोलायचो, पण मला लिहायला शाळेतली मराठीच येते. तुम्हाला ती वाचता येत नव्हती, त्याने आता काही बिघडत नाही.

जगाची दुसरी लढाई सुरू व्हायला तेव्हा अजून काही वर्षं होती. देवळालीच्या डॉक्टर साहेबांच्या बंगल्यात तुम्ही बटलर होता आणि आपण मागच्या खोल्यांत राहायचो. मडम मुलाला घेऊन विलायतेत असायची. मुलगा जन्मला त्या वर्षीची, फ्रान्सच्या बोर्दोकडची लाल वाइन साहेबांनी पेट्या भरून आणवली होती. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की फोडायची म्हणून. साहेब तिला क्लॅरेट म्हणायचे, तुम्ही नुसतं ‘लाल’. तळघरात बाटल्या आडव्या ठेवलेल्या. इथला उन्हाळा तिला मारील, म्हणून उन्हं तापायला लागली की भिंतींवर गोणपाटं टांगायची आणि सकाळ-संध्याकाळ भिजवायची. दर हिवाळ्यात साहेब एक बाटली फोडून बघायचे आणि कशी लागली ते तुम्हाला सांगायचे. तुम्ही थेंबही कधी जिभेला लावला नाहीत.

अम्मी विषमज्वराने गेली ती भर उन्हाळ्यात. दफन झालं आणि दुसऱ्या सकाळी तुम्ही बादल्या उचलल्या. ओट्यावर बसलेली फुफी, तुमची बहीण, मोठ्याने म्हणाली, “बायको मातीत गेली आणि हा दारूला गारवा देतोय!” तुम्ही ऐकलंत, पण थांबला नाहीत. मी तुमच्या मागोमाग पायऱ्या उतरले.

खाली ओल्या तागाचा वास आहे. तुम्ही पाणी शिंपडताय आणि मी विचारते, “अब्बा, तुम्हाला रडू नाही येत?”

“बादली धर,” तुम्ही म्हणता. “आणि इथे आवाज चढवायचा नाही.”

मी बादली धरते. एका भिंतीची गोणपाटं भिजवून झाल्यावर तुम्ही आपणहून बोलायला लागता, पण अम्मीबद्दल नाही. “ही एका द्राक्षाची नसते, बेटी. एक जात कडक असते, कच्च्या जांभळासारखी तोंड आवळते. दुसरी मऊ. कडक एकटी असली तर वर्षानुवर्षं पिववत नाही, मऊ एकटी असली तर लवकर संपते. म्हणून दोन्ही एकत्र करतात. वरून आणखी एखादी, रंगापुरती, वासापुरती.”

“मग?”

“मग पडून राहू द्यायची. कडकपणा हळूहळू उतरतो, गाळ तळाला बसतो, लाल रंग विटकरी होतो. पण किती वर्षं, ते कुणी सांगू शकत नाही. एक काळ ती उत्तम असते. तो गेला की नुसतं आंबट पाणी.”

मला तेव्हा तुमचा राग आला होता का, ते आठवत नाही. आला असावा.

त्या हिवाळ्यात साहेबांचा मुलगा आला. त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या दुपारी टेबल मांडलं होतं आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. बूच अर्ध्यातच मोडलं. तुम्ही आत उरलेलं बूच नखाएवढे तुकडे करत काढलंत, मग मेणबत्तीच्या उजेडात बाटली तिरपी धरून गाळ मागे ठेवत काचेच्या सुरईत ओतलीत. साहेबांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. मुलगा पेल्याकडे बघत राहिला. साहेबांनी एक पेला तुमच्यापुढे केला. तुम्ही छातीवर हात ठेवलात. “माफ करा, साहेब. वास पुरे आहे.” वाकून वास घेतलात आणि आत आलात.

“जिवंत आहे,” तुम्ही मला म्हणालात. “एवढे उन्हाळे काढले, तरी जिवंत आहे.” मग खोक्यावर बसलात. “तुझ्या अम्मीला सांगायला हवं होतं. मी साहेबांबरोबर दौऱ्यावर असलो की गोणपाटं तीच भिजवायची. एकविसाव्या वाढदिवसाला फोडाल तेव्हा कशी निघाली ते मला सांगा, म्हणायची. आता कोणाला सांगू?”

तुमच्या दाढीत पाणी उतरत होतं. मी जवळ यायला हवं होतं असं आज वाटतं, पण तेव्हा काहीच वाटलं नाही. मी ताटं पुसत राहिले. तुम्ही तोंड धुतलंत आणि पुडिंग घेऊन बाहेर गेलात.

लढाई संपायच्या आत तुम्हीही गेलात. आलेल्या माणसांसाठी मी सगळा स्वयंपाक केला आणि मिठाचा अंदाज चुकला नाही, हे माझं मलाच विचित्र वाटलं.

आपल्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. मी दरवर्षी भिंतीबाहेर उभी राहते. माझा मुलगा आतून हात करून दाखवतो, पण तो दाखवतो ती कबर तुमची की शेजारची, हे त्यालाही नक्की माहीत नाही. मी तिकडे बघून फातिहा पढते आणि घरी येते.