सुटलेली ओळ

बाबा, येत्या रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर मला तुमच्याविषयी दहा मिनिटं बोलायचं आहे. पाळकसाहेबांनी फोनवर विषयही देऊन टाकला, भीतीच्या दिवसांत विश्वास कसा राखावा. मी हो म्हणून बसले. काल कागद घेतला, तर भाषण राहिलं बाजूला आणि हे तुम्हालाच लिहायला लागले. मंडळीतल्या नव्या मुलांना वाटतं, तुम्ही कुणी धिप्पाड, खड्या आवाजाचे गृहस्थ असाल. कसलं काय! गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी सायकलवरून उतरून पलीकडच्या बाजूने चालणारे तुम्ही. मालकांनी नुसतं 'जरा इकडे या' म्हटलं की तुमच्या कपाळावर घाम यायचा. हे मी रविवारी सांगणार आहे, कारण त्याशिवाय पुढचं कुणाला कळायचं नाही.

शनिवार पेठेतल्या त्या छापखान्यात तुम्ही छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचात आणि मी एकोणीस वर्षांची, आतल्या टेबलाशी मुद्रितशोधकांसमोर बसायचे. ते प्रूफ मोठ्याने वाचायचे, अगदी स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. मी मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचे आणि फरक दिसला की थांबवायचे. एक ओळ सुटू देत नाही म्हणून माझं नाव होतं, आणि मला त्याचा तोराही होता. त्या शुक्रवारी मालकांनी तुमच्या हातात एक पत्रक ठेवलं. पेठेतल्या ख्रिस्ती लोकांना खोल्या भाड्याने देऊ नका, त्यांच्या प्रार्थना बंद पाडा, असा एकूण मजकूर. तुम्ही उभ्या उभ्या वाचलंत आणि कागद परत केलात. हे माझ्या हातून होणार नाही, म्हणालात.

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो, खिळ्यांना धर्म असतो वाटतं?"

"खिळ्यांना नाही, मला आहे," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज इतका कापत होता की मला लाज वाटली. आज त्याच आवाजाचा मला केवढा अभिमान वाटतो, काय सांगू. मालक म्हणाले, मग घरी जाऊन विश्रांती घ्या. तुम्ही टोपी घातलीत, माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि गेलात.

मी उठले नाही. घरात एक तरी पगार यायला हवा, असं मनाला समजावलं. खरं सांगायचं तर मालक माझ्याकडे बघत होते आणि माझे पाय उचलतच नव्हते. तुमच्या शेजारी वर्षानुवर्षं उभे राहून खिळे जुळवणारे तुमचे मित्र, ते काका, त्यांनी मुकाट्याने पत्रक जुळवलं. त्याचं प्रूफ आमच्या टेबलावर आलं.

रविवारी संध्याकाळी आपल्या खोलीत प्रार्थनेला नेहमी पाच कुटुंबं यायची. त्या रविवारी फक्त म्हाताऱ्या नर्सबाई आल्या. आई दार लावायला उठते, तुम्ही हाताने थांबवता, दार सताड उघडं ठेवता. दुसरं गाणं सुरू होतं न होतं तोच पत्रक हातात घेऊन चौघं उंबऱ्यात येऊन उभे. हे बंद करा, नाहीतर खोली खाली करा. तुम्ही म्हणता, "अहो, आत या ना. एवढं गाणं होऊ द्या, मग बोलू." आणि गाता. सूर कुठल्या कुठे गेलाय, पण तुम्ही एकही कडवं गाळत नाही. चौघं शेवटपर्यंत उभे राहिले, दम देऊन गेले. ते जिना उतरल्याबरोबर तुम्ही मोरीत जाऊन ओकलात. मग तोंड धुतलंत आणि आईला म्हणालात, "भीती वाटली म्हणून प्रभू काही रागावत नाही." पुढच्या रविवारीही दार उघडंच होतं.

इथपर्यंत मी मंडळीत सांगेन. पण बाबा, आपला पत्ता त्या लोकांपर्यंत खरा कुणामुळे पोचला, ते तुम्हाला कधी कळलंच नाही. पत्रकाच्या मूळ कागदात शेवटी एक ओळ होती, दर रविवारी प्रार्थना कुठे चालतात त्याची. आपल्या इमारतीचं नाव, मजला, सगळं. काकांनी ती जुळवलीच नव्हती. मुद्दाम गाळली होती. मुद्रितशोधक प्रूफ वाचत गेले, ती ओळ आलीच नाही, आणि मी म्हणाले, "थांबा, इथे एक ओळ सुटलीय." निव्वळ सवयीने. तोंडातून गेल्यावर मला कळलं, मी काय केलं ते. तिकडे काकांचा हात थांबला. मालकांनी स्वतः शेजारी उभं राहून त्यांना ती ओळ घालायला लावली.

सोमवारी मालकांनी तुम्हाला परत घेतलं, तुमच्याइतकं स्वच्छ काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं म्हणून. 'प्रभूने दुसरी नोकरी दिली नाही वाटतं?' असं विचारून घेतलं, ते वेगळं. तुम्ही सरळ काकांजवळ गेलात. म्हणालात, "आमचा पत्ता तुम्ही जुळवलात, पण माझ्या मनात राग नाही. पोटासाठी करावं लागतं." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून कागद चाळत राहिले. बरं, एवढंच ते म्हणाले आणि मरेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही घरच्या प्रार्थनेत काकांचं नाव घेऊन त्यांच्यासाठी क्षमा मागायचात, आणि मी शेजारी बसून आमेन म्हणायचे. ती क्षमा माझी होती, बाबा. तुम्ही आज हयात असतात तर हे पत्र मी लिहिलं नसतं.