डोनलच्या नावाची बिअर

प्रिय निखिल,

पत्र लिहायचं कारण डोनल. दुसरं कोण असणार! काल आपल्या किचनमध्ये बसून त्याने तुझ्या बिअरच्या बाटल्यांना झाकणं बसवली. त्यानंतर मला स्वस्थ बसवत नाहीये.

तुला जाऊन सात महिने झाले. लोक येत होते, जेवण ठेवून जात होते. शेजारी राहणारा डोनल मात्र आला नाही. मला बरंच वाटलं. खरं सांगू? तो माणूस मला कधीच आवडला नाही. दर शनिवारी तू त्याच्या शेडमध्ये बिअर बनवायला जायचास आणि तुमचं हसणं कुंपणापलीकडून ऐकू यायचं. घरी आलास की मी विचारायचे, "एवढं काय हसत होतात?"

"काही नाही गं, असंच."

असंच! माझ्यासमोर असं कधी हसलास रे शेवटचं?

मागच्या महिन्यात तो दारात उभा. हातात तुझी निळी वही. म्हणाला, "आम्ही नेहमी माझ्याच रेसिपीने करायचो. ही त्याने पहिल्यांदा स्वतः बसवलेली, आयपीए नावाच्या कडू बिअरची. करायची राहून गेली. पण मला वाचता येत नाही."

तू मराठीत लिहिली होतीस! मला इतका आनंद झाला, की लाज वाटावी. शेवटी त्याला माझी गरज पडली ना!

मी वाचून दाखवायला लागले. पंधरा लिटरला माल्ट एक्स्ट्रॅक्टचे दोन डबे. थोडे क्रिस्टल माल्टचे जवाचे दाणे फडक्यात बांधून गरम पाण्यात अर्धा तास. कडूपणासाठी हॉप्सची सुकी फुलं उकळी फुटताच, वासाची शेवटच्या पाच मिनिटांत. 'डो. म्हणतो एवढं कडू नको. मला हवंय.' आणि सगळ्यात खाली: 'नाव – डोनल. याच्यामुळे इथे करमायला लागलं.'

याच्यामुळे? आणि मी? मी पुण्याची नोकरी सोडून इथे आयर्लंडमध्ये, नावनला कशाला आले होते?

"खाली काय लिहिलंय?" डोनलने विचारलं.

"नाव," मी म्हटलं. "नीलिमा."

त्याने त्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. ग्रँड."

दुसऱ्या दिवशी दोघांनी ती बिअर केली. श्रीखंडाचं माझं फडकं त्यात गेलं. एक्स्ट्रॅक्ट काकवीसारखं पातेल्यात उतरत होतं, मी ढवळत होते. हॉप्स पडले तसा घरभर संत्र्याच्या सालीचा वास सुटला. मी न राहवून विचारलं, शनिवारी इतकं काय हसायचात?

"तो मला मराठी शिव्या शिकवायचा," तो म्हणाला आणि एक देऊन दाखवली. असला उच्चार! तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. लगेच रागही आला. मला कधी सांगितलं का नाहीस?

काल अठ्ठावीस बाटल्या भरल्या. प्रत्येकीवर त्याने मार्करने माझं नाव लिहिलं, अगदी सावकाश, स्पेलिंग मला विचारून. निघताना दारात घुटमळला.

"यातली एक मी घेऊ का?"

परवानगी मागितली रे त्याने! माझ्याकडे! मी "घे ना" म्हणाले आणि दार लावून तिथेच खाली बसले.

मला अजून हेवा वाटतोच. ते वाक्य तू माझ्याबद्दल लिहायला हवं होतंस, हे मी तुला शेवटपर्यंत ऐकवणार. पण ते तू त्याच्यासाठी लिहिलंस.

दोन आठवड्यांनी बिअर तयार होईल. पहिली बाटली उघडायच्या आधी मी वही त्याच्यासमोर ठेवीन, खालच्या ओळीवर बोट ठेवून शब्द न् शब्द इंग्रजीत सांगीन. त्या दिवशी मी काय वाचलं, तेही सांगीन. रागावला तर रागावू दे.

तुझीच,
नीलिमा