उलटा राजा

प्रिय आशा,

काल सकाळी आंघोळ केली, देवाला दिवा लावला आणि देव्हाऱ्यातला आईचा रुपया उचलला. त्याच्या कडेला हळदकुंकवाचा थर बसलाय, तो धुतला नाही. फडक्यात बांधून खिशात घातला आणि पेठहून बस धरून नाशिकला कोर्टात गेलो. तू येणार नाहीस हे ठाऊक होतं. पोटच्या पोराला बेड्यांत बघणं कुठल्या आईला जमेल?

दिनेश मला बघून हसला गं. लहानपणी खरवस मागताना हसायचा, अगदी तसाच. मी मान फिरवली, तर समोर टेबलावर आईची रुपयांची माळ. पारदर्शक पिशवीवर लाखेचं सील, रुपयांवर तोच जुना इंग्रज राजा, आणि गोफात रक्त वाळून काळं झालेलं.

तुला आई दिसली ती धुऊन, नवं लुगडं नेसवून. मला ती खळ्यावर दिसली होती. नागलीच्या पेंढ्यावर पालथी पडलेली, डोक्यामागे दगडाने केलेला खड्डा, त्यावर माश्या. गोफ लवकर तुटला नसावा, गळ्याचं कातडं सोलून निघालं होतं. उजव्या हाताची बोटं मागे मोडलेली. तिने माळ सोडलीच नव्हती, आशा. तिची मूठ कुणीतरी एकेक बोट मोडून उघडली होती. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आणि भिका. शेळ्या घेऊन खळ्यावरून गेला, एवढाच त्याचा गुन्हा. गावाने त्याला सागाला बांधून झोडपला, आणि पहिली काठी दिनेशची. "माझ्या आजीला मारतो काय रे!" असं ओरडत त्याने भिकाच्या तोंडावरच घातली. दात मातीत पडले. भिकाचा जबडा अजून नीट मिटत नाही, पेज प्यायला लागला की हनुवटीवरून ओघळते. पुढे माळ दिनेशच्याच गाडीच्या सीटखाली सापडली, तेव्हा गावात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

दिनेश म्हणतो, माळ घोटीच्या बाजारात विकत घेतली. त्याचा वकील मला म्हणाला, "काका, डोंगरातल्या निम्म्या बायांच्या गळ्यात असले राणीछाप, राजाछाप रुपये असतात. हे तुमच्याच आईचे कशावरून?" बरोबरच विचारलं त्याने. माळेची खूण पोलिसांनाही कळली नव्हती. ती फक्त आपल्या घराला ठाऊक.

पणजोबांनी एक साग तोडला म्हणून जंगलखात्याच्या इंग्रज साहेबाने तंबूत कचेरी भरवली होती. त्यांनी दंड भरला, तरी त्यांना ओणवं करून पाठ फुटेस्तोवर वेताने मारलं. घरी आल्यावर उरलेले रुपये त्यांनी सोनाराकडे नेले आणि प्रत्येकाची कडी राजाच्या गळ्याखाली बसवून घेतली, माळ घातली की राजाचं डोकं खाली लोंबावं म्हणून. पुढे आईने माळ गोफून घ्यायला नेली की नवा सोनार पुनःपुन्हा सांगायचा, "बाई, कडी चुकलीय, सरळ करून देतो." आई म्हणायची, "उलटाच ऱ्हाऊ दे त्याला. आमच्या म्हाताऱ्याला बी असाच वाकवला व्हता." मग तू पदराआड खुदुखुदु हसायचीस. माझं लग्न झालं तेव्हा तिने माळेतला एक रुपया कडीसकट काढून माझ्या देव्हाऱ्यात ठेवला. तोच काल माझ्या खिशात होता.

गेल्या महिन्यात तू माझ्या पायांवर डोकं ठेवलंस. म्हणालीस, "दादा, एवढंच म्हण, ओळखता येत नाही. आई तर गेलीच, माझं पोरगं तरी राहू दे." मी गप्प बसलो आणि तू त्याला होकार समजलीस. तेव्हापासून रोज देवासमोर बसलो. डोळे मिटले की आईची बोटं दिसायची, आणि भिकाची हनुवटी.

हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून लिहितोय. मी फडकं सोडून रुपया न्यायाधीशांसमोर ठेवला आणि कडीची गोष्ट सांगितली. त्यांनी सील उघडायला लावलं, माळ उचलून धरली. सगळे राजे डोकी खाली करून लोंबत होते. दिनेशचं हसू मावळलं. "मामा," एवढंच तो म्हणाला. मी हात जोडले, साहेब, पोराला फाशी नको म्हणालो. विचारलंय तेवढंच बोला, न्यायाधीश म्हणाले. मग बोललो. ही माळ माझ्या आईची आहे. आणि साक्षीखाली सही केली.

तुझाच,
दत्तूदादा