पुसलेले ओरखडे

॥ श्री ॥
मेहकर, ता. १२ नोव्हेंबर १९६३

चि. निवृत्तीस अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम. तुझ्या मोठ्या आईच्या गुडघ्याला उतार आहे. कुशल संपले, आता मुद्दा.

तुझ्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, तुळशीरामाने, ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद ठोकून रानात वापरायचा जो सुरा घडवला, त्याची परीक्षा मोताळ्याच्या शेतात मी स्वतः उभे राहून घेतली. त्याने बाभळीची गाठाळ फांदी तोडली, अंबाडीचा दोर कापला, आणि पुन्हा धार न लावता त्याच पात्याने पातळ कागद चिरला. पात्यावर ओरखडे उठले, बाभळीच्या रसाचा काळा डाग पडला. हे सर्व निवेदनात नमूद करून मी खाली सही केली. तुला चिखलीच्या तुझ्या स्टुडिओत एवढेच करायचे होते, की निवेदनास पुरावा होईल असा सुऱ्याचा फोटो काढून, फोटो व निवेदन कारागीर प्रदर्शनाच्या मंडळाकडे रवाना करावे.

मंडळाचे उत्तर आले. ते लिहितात, फोटोतील पाते कोरे करकरीत आहे. सबब परीक्षा झालीच नाही व निवेदन खोटे आहे. खोटे! हयात वकिलीत गेली. प्रतिपक्षाने मला हट्टी म्हटले, रुक्ष म्हटले, परंतु माझ्या सहीला खोटी म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. आणि अधिक संतापाची गोष्ट ही, की समोरच्या पुराव्यावरून त्यांचे अनुमान बरोबर आहे. पुरावाच तू बिघडवलास. तुळशीरामाने फोटो पाहिला आणि म्हणाला, हा माहा सुरा नाही, हे तं आहेराचं ताट हाय.

ओरखडे तू पुसलेस, असे स्वच्छ लिहून सहीनिशी पाठव. सबबी नकोत. लोभ आहे, म्हणूनच संताप इतका आहे.

नारायणराव


॥ श्री ॥
चिखली, ता. १६ नोव्हेंबर १९६३

ती. मोठे बाबांच्या चरणी निवृत्तीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचले आणि दुकानाची फळी लावून बसलो. सबब नव्हे, घडले ते लिहितो. पोलादात खिडकी, छत, माझे तोंड, सारे उतरते. म्हणून खिडकीवर धोतराचे पान ताणून ऊन मऊ केले, सुरा काळ्या घोंगडीवर तिरपा ठेवला, तेव्हा कुठे धारेची रेघ उमटली. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता. मग निगेटिव्ह उजेडासमोर धरली आणि हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. माझे निम्मे गिऱ्हाईक उपवर मुलींच्या बापांचे. देवीचे व्रण, भाजल्याचे डाग मी रोज असेच बुजवतो. सुऱ्याचेही बुजवले. तुमचे निवेदन पाकिटात बंद होते. ते उघडून वाचले नाही, ही माझी चूक.

पण मोठे बाबा, राग मलाही आला आहे. बाबांनी सुरा फडक्यात बांधून धाडला, सोबत स्वतःची ओळसुद्धा नाही. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप एवढाच, की पोट्ट्याले म्हणा, कामाचा फोटो काढ. माझ्या कामात डाग ठेवतात की पुसतात, हे त्यांना कधी विचारावेसे वाटले नाही.

आता सहीचे. मी व्रण पुसतो हे गावात कागदोपत्री झाले, की कोणताही वरपक्ष माझ्या फोटोवर भरवसा ठेवणार नाही. दुकान बसेल ते बसेल. ज्या पोरींची लग्ने ठरली आहेत, त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहतील. तरी कागद सही करून सोबत ठेवला आहे. मंडळाला पाठवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

रागावून का होईना, माया राहू द्या.

आपला निवृत्ती


॥ श्री ॥
मेहकर, ता. ४ डिसेंबर १९६३

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

तुझा कागद पाठवला नाही. कारण दयेचे नसून तर्काचे आहे. फोटो खोटा ठरल्याने निवेदन खरे ठरत नाही. ते फक्त निराधार होते. शिवाय ज्या मुलींचा या वादाशी संबंध नाही, त्यांना त्यात ओढण्याचा मला अधिकार नाही. सबब मी मंडळाला लिहिले, की ज्यास शंका असेल त्याने मोताळ्यास यावे आणि परीक्षा आपल्या हाताने घ्यावी.

त्यांचे एक गृहस्थ खरोखरच आले, इस्त्रीच्या कोटात. तुळशीरामाने सुरा त्यांच्याच हाती दिला आणि म्हणाला, तोडा साहेब, मी कायले तोडू, मले तं ठाव हाय. साहेबांनी कोट बोराटीवर टाकला. फांदी तुटली, दोर तुटला, कागद चिरला; कोटही बोराटीने फाडला, पण त्याचे निवेदन मी केलेले नाही. निवेदन खोटे असल्याचा शेरा रद्द झाल्याचे पत्र काल मिळाले. त्यात खेदाचा एक शब्द नाही! त्याबद्दल आजच टपाल केले आहे, आणि तो शब्द येईपर्यंत करीत राहीन.

मंडळास नवा फोटो हवा आहे. तुळशीराम म्हणतो, पोट्ट्याले म्हणा कॅमेरा घेऊन वावरातच ये, मी तोडतो, तू पाह्य. जावेस. तो बोलणार कमी, परंतु बोलावणे त्याचे स्वतःचे आहे.

तुझा सहीचा कागद परत करीत आहे, चुलीत घाल. दुकान पणाला लागले असता तू सही केलीस, याची नोंद मी घेतली आहे. लोभ वाढवावा असे लिहिण्याची रीत आहे. येथून तो वाढला आहे.

नारायणराव