स्वयंपाकघरामागचा डोंगर

१ मार्च
बायको, गुइझेन, लेकीकडे गेली. जाताना म्हणाली, म्हातारबा, पाच एप्रिलला पूर्वजांची थडगी झाडायचा सण, तेव्हा येईन. तोवर स्वयंपाकघराचं छप्पर शाकारलेलं दिसलं तर राहीन, नाहीतर सामान घेऊन जाईन. कौलं वर्षभर अंगणात रचलेली आहेत. दोन दिवसांचं काम. उद्या सुरू.

२ मार्च
पाऊस.

४ मार्च, सकाळी
घराच्या दिशा आणि शुभाशुभ बघणारे लियाओ गुरुजी होकायंत्र घेऊन आले. रोग सापडला. महामार्गासाठी मागची टेकडी कापली तेव्हापासून घराची पाठ उघडी आहे. डोंगर म्हणजे खुर्चीची पाठ, ती नसली की घरातली माणसं टिकत नाहीत, म्हणाले. म्हणजे छप्पर हा मुद्दाच नाही. स्वयंपाकघरामागे मातीचा डोंगर घालायचा, वर बांबू. टार्गेट दोनशे टोपल्या, रोज दहा. छप्पर नंतर.

५ मार्च
दहा टोपल्या. उदबत्ती लावली.

६ मार्च
चार. कंबर.

७ मार्च
डोंगराकडे बघत बसलो. हेही कामच आहे. तो काही बोलत नाही, काही मागत नाही. आमचं जमतं.

१३ मार्च
माती घसरते. कडेला वीस कौलं रोवली. उरलेली छपराला पुरतील.
शेजारच्या थान वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, भावोजी, बायको गेली म्हणून स्वतःचं थडगं बांधताय का? डोंगर आहे, म्हणालो. मग चढून दाखवा, म्हणाल्या. अशांशी वाद घालू नये. संध्याकाळी चढून पाहिलं. गुडघाभर रुतलो.

१९ मार्च
लेकीचा फोन. बाबा, आई विचारतेय, छप्पर कुठवर आलं? काम मुळापासून चाललंय, म्हणालो. मागून गुइझेनचा आवाज, छप्पर वर असतं म्हणावं.

२६ मार्च
सगळी कौलं डोंगराला लागली. एकूण टोपल्या एक्केचाळीस, पण आकार चांगला आलाय. तीन बांबू लावले. छपरावर तूर्तास प्लास्टिक. गुरुजींना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

२ एप्रिल
तीन दिवस पाऊस. प्लास्टिक उडालं. जेवणाला चव लागत नाही. भातात पाणी पडतं, त्यामुळे असेल.

४ एप्रिल
पहाटे डोंगर खाली आला. मागचं दार ढकलून थेट स्वयंपाकघरात. चुलीपर्यंत चिखल. एक बांबू अजून उभा आहे, तांदळाच्या डब्यापाशी. शुभ मानायला हरकत नाही.

५ एप्रिल
सकाळच्या बसने गुइझेन आली. आत पाहिलं, वर पाहिलं. वर आभाळ होतं. ओरडली नाही. मी गुरुजींचं सगळं समजावून सांगितलं. हं, म्हणाली.
थडगी झाडली. तिने आणलेले तांदळाच्या पिठाचे सणाचे हिरवे लाडू खाल्ले. मग तिने पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या, चिखलातून एकेक कौल वेचलं, धुतलं आणि अंगणात पूर्वीसारखं रचलं. शेवटी आपली कढई काढली. ती मात्र पिशवीत घातली. चारच्या बसने गेली.
नंतर शिडी लावली. खालून धरायला कोणी नाही. परत काढून ठेवली.