डाव्या हाताचा रकाना

काष्टी, शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९९६

नगरच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई मला सहन होत नाहीत. माझ्या पाच वर्षांच्या सोनीला त्या 'पेशंट' म्हणतात. वर एक तक्ता दिलाय. तिने आपण होऊन डावा हात पुढे केला की रेघ मारायची, मूठ किती वेळ उघडी राहिली तेही लिहायचं. जन्मापासून आवळलेली मूठ ती. तीन आठवडे रकाना कोरा. परवा बाई म्हणाल्या, "तुम्ही नीट बघत नाही." मी बघत नाही? दिवसभर दुसरं करते काय मी?

आणि घरात सासूबाई. सोनीची डावी बोटं ताटाकडे वळली की दरडावतात, "डाव्या हातानं खात्यात व्हय गं?" रकाना कोरा राहतो तो यांच्यामुळेच, असं आज ठणकावून लिहिणार होते.

पण संध्याकाळी शेजारच्या काकू पूजेचा प्रसाद घेऊन आल्या. सोनीच्या उजव्या हातात बाहुली होती. तिने डावा पुढे केला. कोपर सुटलं, मूठ उघडली. पाचही बोटं. आणि मी? काकूंसमोर लाज वाटली म्हणून त्याच हातावर चापट मारली. "उजवा कर," म्हणाले. मूठ परत मिटली. सासूबाई बघत होत्या.

आत्ता रेघ मारली, पहिलीच. मूठ किती वेळ उघडी राहिली, त्यापुढे लिहिलं: माझा हात पोचेपर्यंत.